सावलीपासून सुरुवात

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलो. स्मरणचित्रात देऊळ काढलं: पिवळट भिंत, लाल कळस, मागे निळे डोंगर. असं देऊळ मी कुठे पाहिलेलंच नव्हतं.

पुढची काही वर्षं वाशीमच्या बालाजी मंदिरात गेली. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी ते बांधलं. खांबावरची नक्षी मी बॉलपेनने रेघेरेघेने उतरवायचो. दोन-दोन दिवस खपून कागद नुसता राखाडी व्हायचा.

मग जिल्ह्यातल्याच शिरपूरचं जुनं पवळी जैन मंदिर पाहिलं. मे महिना, दुपारी दोनची वेळ. मंदिराची आखणी तारकाकृती असल्यामुळे भिंत सपाट नाही. कोन पुढे येतो, मागे जातो, परत पुढे येतो. उन्हात आलेली कड पांढरीफटक, तिच्या आडची काळीकुट्ट, मध्ये काही नाही. आठ नंबरचा ब्रश शाईत बुडवला आणि फक्त सावल्या भरल्या. ऊन होतं तिथे कागद कोरा सोडला. वेलबुट्टीच्या पट्ट्यांसाठी सावलीची कड थोडी कातरली, तेवढंच. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "भाऊ, रेघ तं एकबी नाही, तरी देऊळ दिसून रायलं!" पुढची कित्येक चित्रं त्या वाक्यावर निघाली.

कारंज्याच्या काष्ठासंघी जैन मंदिरातल्या लाकूडकामाला मात्र ही रीत उलटी करावी लागली. तिथे आत अंधार, उजेड कोरीव कडांपुरता. काळा कागद आणि पांढरा रंग घेतला.

अजिंठ्याला मी फार उशिरा गेलो, याची हळहळ वाटते. वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. त्यांच्यातल्याच, पाचव्या शतकातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. म्हणजे ती चित्रं आमच्या घरचीच. तिथल्या चित्रांतले राजवाडे बघा: खांब काठीसारखे सडपातळ, भिंत नाहीच, कारण आतली माणसं दिसायला हवीत. गोष्टीसाठी वास्तूला वाकवण्याचं हे धाडस मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर मापं चुकण्याची माझी धास्ती गेली.

५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याच्या आकाराची ही इमारत पाच फटकाऱ्यांत होईल असं वाटलं होतं, पण गोलाईवर सावली कापल्यासारखी पडत नाही. ती हळूहळू उतरते. शिरपूरची युक्ती तिथे लागू पडेना. तीन कागद वाया गेल्यावर समोरून जाणाऱ्या एका बंजारा बाईच्या फेटियाकडे, म्हणजे घागऱ्याकडे, लक्ष गेलं: लाल कापड, आरसे आणि टाक्यांच्या ओळी. टाके दाट तिथे रंग गडद, विरळ तिथे कापड उजळ. मग शाईनेच टाके घालायला घेतले, सावलीत दाट, उजेडाकडे विरळ.

तो कागद भिंतीला टाचलेला आहे. डावी बाजू जमली. उजवीकडचे टाके अजून दाट वाटतात.