मुक्काम एक, वाटा अनेक

स्कॉटलंडमध्ये सुट्टी काढण्याची एक जुनी रीत आहे. खेड्यातले छोटे घर आठवड्याने भाड्याने घ्यायचे, बहुधा शनिवार ते शनिवार; रोज एखादा किल्ला किंवा सरोवर बघून संध्याकाळी त्याच घरी परतायचे. खानदेशाला हीच रीत शोभेल असे मला ठामपणे वाटते. अजिंठा जळगावहून साधारण साठ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून शंभर. तरी बहुतेक पर्यटक मुक्काम तिकडेच करतात, कारण खानदेशाकडे आपण फक्त वाटेतला प्रदेश म्हणून पाहतो.

चाळीसगावचेच बघा. अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी, गौताळ्याच्या जंगलाच्या कुशीत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी इथे मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. बाजारातल्या मालातून आणि तेलघाण्यांतून मठाला काय द्यायचे, ते त्यात लिहिले आहे. गणिताची पाठशाळा गावच्या घाण्यावर चालत होती! हा लेख निवांत पाहायचा, तर परतीच्या गाडीची घाई असून चालत नाही. घाट चढून गेले की पितळखोऱ्याची सातवाहनकालीन लेणी, पुढे वेरूळ. गावातच स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. 1989 साली ते गेले, पण त्यांची कला तिथे बघायला मिळते.

उन्हाचे काय, हा आक्षेप खरा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा इकडे येऊच नये. पण पावसाळ्यानंतर थंडी संपेपर्यंतचे महिने मोकळे आहेत, आणि भरिताचा हंगामही तोच. तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी: हे जेवण शेतातल्या घरीच खरे जमते. राहायची सोय कुठे, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर. लॉज आहेत, पण चार दिवस कुटुंबाने राहावे अशी घरे थोडी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे; आता शेतकऱ्यांनी दोन स्वच्छ खोल्या, स्वच्छ संडास आणि ठरलेला दर एवढी तयारी करावी. खेड्याचे खेडेपण जाईल, ही भीती मात्र उडवून लावू नये. स्कॉटलंडमध्येही भाड्याच्या घरांमुळे स्थानिकांना घरे मिळेनात, म्हणून 2022 पासून तिथे परवाना पद्धत आणावी लागली. आपण राहत्या घरातल्याच खोल्या दिल्या, तर तो धोका बराच टळतो.

तेव्हा या हिवाळ्यात चार दिवस काढून चाळीसगावला या. वेरूळ मंगळवारी बंद असते. तो दिवस पाटणादेवीसाठी ठेवा.