आठवण ठेवणारा खटका

संगणक हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. परंतु त्याच्या पोटात नेमके काय चालते, असे विचारले तर चांगला शिकलेला माणूसही चटकन उत्तर देत नाही. उत्तर वस्तुतः सोपे आहे. संगणकाच्या पोटात खटके असतात. भिंतीवरील दिव्याच्या खटक्याप्रमाणे तेही एक तर चालू असतात, नाही तर बंद.

खटक्यांनी तर्क कसा चालतो, हे आधी पाहू. एका तारेवर दोन खटके एकापुढे एक बसविले, तर दोन्ही चालू असल्याखेरीज दिवा लागत नाही. हा झाला ‘आणि’. तेच दोन वेगळ्या वाटांवर बसविले, तर कोणताही एक चालू असला की पुरते. हा झाला ‘किंवा’. टेलिफोनमधील रिलेंची जुळणी आणि तर्कशास्त्राचे गणित एकाच नियमाने चालतात, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखविले. पुढे १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि रिले मागे पडले. आज नखाएवढ्या तुकड्यावर असे अब्जावधी खटके मावतात.

परंतु ट्रान्झिस्टरच्या खटक्यात एक उणीव आहे. वीज काढून घेतली की आपण चालू होतो की बंद, हे तो विसरतो. शिवाय आकडे साठविण्याची जागा निराळी आणि हिशेब करण्याची जागा निराळी, ही जी मांडणी जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालात आली, तीच बहुतेक संगणकांत अद्याप चालू आहे. गिरणीच्या भाषेत सांगावयाचे तर सुताचे गोदाम आवाराच्या एका टोकाला आणि माग दुसऱ्या टोकाला! विणणाऱ्यापेक्षा वाहणाऱ्याचेच श्रम अधिक. ही अतिशयोक्ती नव्हे. मार्क होरोवित्झ यांनी २०१४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका साध्या बेरजेला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या हजारपटींहून अधिक ऊर्जा तो आकडा बाहेरच्या स्मृतीतून आणण्यास लागते. म्हणजे विजेचे बिल येते ते बरेचसे हमालीचे.

मग माग गोदामातच बसविता येईल काय? येथे आपल्या विषयाला सुरुवात होते.

धातूच्या दोन पट्ट्या घ्या आणि त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर द्या. पातळ म्हणजे काही नॅनोमीटरांचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हा थर एरवी वीज जाऊ देत नाही. परंतु पुरेसा विद्युद्दाब दिला, की त्यातील ऑक्सिजनचे काही अणू आपली जागा सोडतात, आणि अशा रिकाम्या जागांची एक बारीक वाट तयार होते. वाट झाली की प्रवाह सुखाने जातो. उलट्या दिशेने दाब दिला, की वाट तुटते आणि प्रवाह अडतो. मुख्य गोष्ट अशी की, वीज काढून घेतली तरी वाट झालेली असेल तर झालेली राहते, तुटलेली असेल तर तुटलेली राहते. हा खटका आठवण ठेवतो.

पातळ ऑक्साइडांच्या अशा वागण्याचे निरीक्षण हिकमॉट यांनी १९६२ सालीच प्रसिद्ध केले होते. १९७१ साली लिऑन चुआ यांनी केवळ गणितावरून अशा घटकाची कल्पना मांडून त्यास मेमरिस्टर हे नाव दिले. २००८ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने प्लॅटिनम व टायटॅनियम डायॉक्साइड वापरून तो घडविल्याचे जाहीर केले. नावावरून पंडितांत वाद आहे. खटक्याच्या गुणाविषयी नाही.

आता या खटक्याकडून तर्क कसा करवून घेतात ते पाहू. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. करारांतील कलमे वाचण्यात आमची उमर गेली. म्हणून एक कलमच घेऊ: ‘कामगाराने जादा तास भरले, तर त्यास जादा वेतन मिळेल.’ हे कलम केव्हा मोडते? तास भरले आणि वेतन मिळाले नाही, या एकाच वेळी. तास भरलेच नसतील, तर वेतन मिळो वा न मिळो, कलम अबाधित आहे. तर्कशास्त्रातला ‘जर-तर’ तो हाच.

२०१० साली त्याच प्रयोगशाळेने हा ‘जर-तर’ दोन मेमरिस्टर आणि एक साधा रोधक यांवर करून दाखविला. पहिल्यावर थोडा कमी दाब देतात, दुसऱ्यावर पुरा. पहिला बंद असेल, तर दुसऱ्याला पुरा दाब मिळून तो चालू होतो. पहिला चालू असेल, तर जोडावरचा दाब वाढतो, दुसऱ्याच्या वाट्याला पुरेसा उरत नाही, आणि तो होता तसाच राहतो. उत्तर दुसऱ्या खटक्यातच लिहिले जाते. ते कोठे वाहून न्यावे लागत नाही. ‘जर-तर’ आणि ‘पुसून टाकणे’ एवढ्या दोन क्रियांवर संगणकाचे सारे तर्कशास्त्र उभे राहते. उदाहरणार्थ, ‘दोन्ही मिळून नाही’ या क्रियेला आजच्या रूढ पद्धतीत चार ट्रान्झिस्टर लागतात. येथे तीन मेमरिस्टर पुरतात. तिसरा पुसावयाचा, मग पहिल्याचा ‘जर-तर’ त्याच्याशी, नंतर दुसऱ्याचा. तीन पावलांत काम झाले.

रचनाही सोपी. ताण्याबाण्यासारख्या उभ्या-आडव्या तारा, आणि जेथे त्या एकमेकींना ओलांडतात तेथे एकेक खटका.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. रूढ पद्धतीत एका दमात होणारे काम येथे तीन पावलांत होते. या जाळ्यात प्रवाह आडवाटांनीही पळतो, त्याला आवर घालावा लागतो. वाट दरवेळी हुबेहूब तशीच बनत नाही. आणि खटका झिजतो. सॅमसंगच्या संशोधकांनी २०११ साली टँटलम ऑक्साइडचा असा खटका एक लाख कोटी वेळा फिरवून दाखविला. आकडा प्रचंड वाटतो. पण सेकंदाला एक अब्ज वेळा काम करणाऱ्या यंत्रात तो सतरा मिनिटांच्या आत संपेल! म्हणूनच हा खटका बाजारात आला तो तर्कासाठी नव्हे, साठवणीसाठी. पॅनासॉनिकने २०१३ साली अशी स्मृती असलेल्या लहान संगणक-चिपांचे उत्पादन सुरू केले. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही मेमरिस्टरवर संशोधन झाले आहे.

कोणी म्हणेल, हे सारे आम्ही कशाला जाणून घ्यावे? आमचे उत्तर असे की, हजेरी आणि पगाराचा हिशेब आता संगणक ठेवतो. तो स्वस्त आणि साधा झाला, तर प्रत्येक मागावर आणि प्रत्येक दारावर बसेल. त्यातून वाचणारी वीज कोणाच्या खिशात जाईल, हा प्रश्न खटका सोडविणार नाही. कलम मोडले की नाही, एवढे तो सांगेल. कलम न्यायाचे आहे की नाही, हे आपणच ठरवावयाचे आहे. त्यासाठी यंत्र दारात येण्यापूर्वी ते समजून घेतलेले बरे.