अंगठ्याचे 30 टक्के

जळकोट तालुक्यात कुठल्याशा शिवारातला विजेचा बिघाड काढताना महावितरणच्या जनमित्राचा, म्हणजे लाइनमनचा, अंगठा गेला, तर त्या अंगठ्याचं मोल कोणी ठरवायचं? 1923 च्या भरपाई कायद्याला यासाठी एक तक्ताच जोडलेला होता. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झालो. अंगठा गेला की कमावण्याची शक्ती 30 टक्के गेली असं धरायचं. तर्जनीचे 14, मधल्या बोटाचे 12, करंगळीचे 7. अंगठ्याचं नुसतं वरचं पेर गेलं तर 20. अंगठ्याविना पक्कड धरून पाहा, म्हणजे हे आकडे असे का ते लगेच उमगतं.

मग येतं वय. चाळिशीच्या माणसाचा गुणक 184.17. पगार कितीही असो, 2020 पासून या कायद्याच्या हिशेबात महिना 15,000 च्या वर धरत नसत. त्याचे 60 टक्के 9,000, त्याला 184.17 ने गुणायचं आणि त्याचे 30 टक्के काढायचे: 4,97,259 रुपये. पंचविशीतल्या पोराचा गुणक 216.91, म्हणून त्याला 5,85,657. त्याच्यापुढे कमाईची वर्षं जास्त आहेत. पण 216.91 महिने म्हणजे जेमतेम अठरा वर्षं, आणि पोराची नोकरी तर तीसहून अधिक वर्षं उरलेली! मधली वर्षं गेली कुठे? रक्कम आज एकदम हाती येते आणि व्याजाने वाढू शकते, म्हणून दूरच्या वर्षातला रुपया आज कमी भरतो.

मला सगळ्यात भावलं ते याच कायद्यातलं एक छोटं कलम. सरकारी खातं किंवा स्थानिक संस्था जे काम करते, ते या कायद्यापुरतं त्यांचा धंदाच समजायचं. त्यामुळे नगरपंचायतीची गटारं काढणारा आणि साखर कारखान्याचा मजूर एकाच रांगेत येतात. रोजचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी जखमी माणूस थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो; ती ठेकेदाराकडून वसूल करणं मालकाने पाहावं. कामगार दगावला तर पैसे भरपाई आयुक्तांकडे जमा करावे लागतात. विधवेचा अंगठा उठवून परस्पर मिटवामिटव होऊ नये, यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

आणि कामावर जाताना वाटेतच घात झाला तर? असं एक प्रकरण उस्मानाबादच्या आयुक्तांपुढे आलं होतं. साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ती कुटुंबाला परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी मेळ बसला पाहिजे, एवढी न्यायालयाची अट. नोव्हेंबर 2025 मध्ये जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि तिच्यात ही घर ते कामाची वाट आता स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे.