तव्याची ग्रिप

जळगाव-धुळ्याकडे आपण बहुतेक जण बॅडमिंटन गल्लीतच शिकतो, म्हणून रॅकेट तव्यासारखी धरतो. समोरचं शटल ढकलता येतं, पण कोपराखालचा हात फिरत नाही. स्मॅश मरतो, बॅकहँड तर विसराच!

रॅकेटची कड जमिनीकडे ठेवून तिच्याशी शेकहँड करा. अंगठा-तर्जनीचा ‘व्ही’ हँडलच्या वरच्या अरुंद कडेशी यायला हवा. पकड सैल, फटक्याच्या क्षणीच घट्ट.

हाताची सवय बदलते. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे; १९५६ मध्ये बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

पंचाईत वेगळीच आहे: पॉइंट सुरू झाला की बोटं आपोआप तव्यावर! म्हणून आधी रोज १० मिनिटं शटलशिवाय स्विंग, मग भिंतीवर, मॅच सगळ्यात शेवटी. मधले काही दिवस रूममेटसुद्धा हरवेल.