टीव्ही घेण्यापूर्वी

आईची भिशी लागली आणि नवा टीव्ही घ्यायचे ठरले. पहिला टीव्ही बाबांनी डोळे मिटून व्हिडिओकॉनचा घेतला होता. पैठण रस्त्यावरच्या चितेगावी कारखाना, म्हणजे घरचाच माल! २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नुसत्या नावावर विसंबणे संपले.

म्हणून मित्रहो, दुकानात जाण्याआधी मी घरातच टेप धरला. दिवाणापासून भिंत सहा फूट, म्हणजे ७२ इंच. पडदा तिरपा मोजतात. त्याच्या दीड-पावणेदोन पट अंतरावर बसणे सोयीचे. त्या हिशेबाने ४३ इंची पुरे.

गुलमंडीवर मात्र ५५ इंची संच खुणावत होता. पण दुकानात उजेड आणि रंग मुद्दाम भडक ठेवतात. मी ते कमी करायला सांगून माणसांचे चेहरे, रात्रीचे प्रसंग निरखले. बाजूला उभे राहूनही पाहिले. सपाट संचांचा आवाज बहुधा पातळ, म्हणून आजीसाठी बातम्या ऐकल्या. शेवटी विजेच्या बचतीचे तारे मोजले आणि दुरुस्तीला माणूस शहरातूनच येईल ना, हे विचारले.

४३ इंचीच घेतला. उरलेल्या पैशांत आजीचा चष्मा झाला. टीव्ही पाहायला तोही लागतोच की!