बाण दाखवील ती वाट

‘पूर्वीचे खेळ खरे अवघड. आताचे म्हणजे निव्वळ पोरखेळ!’ हे वाक्य विटीदांडूबद्दल नाही, संगणकावरच्या खेळांबद्दल आहे. संगणकावर खेळतच जी पिढी मोठी झाली, ती आता चाळिशी-पन्नाशीत आहे आणि आपल्या मुलांचे खेळ पाहून नाक मुरडते आहे. ही तक्रार विशेषतः ऐकू येते ती भूमिका घेऊन खेळायच्या खेळांबद्दल. त्यांना इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. तिच्यात तथ्य किती, ते पाहू.

भूमिका घेणे म्हणजे सोंग घेणे. आमच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, त्यात मुखवटा चढवला की माणूस देव होतो किंवा राक्षस होतो. तसेच इथे खेळणारा योद्धा होतो, मांत्रिक होतो, चोर होतो. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला. सोंगाच्या अंगी बळ किती, बुद्धी किती, हे आकड्यांत लिहायचे आणि फासा टाकून निकाल लावायचा. आकडेमोड आली म्हटल्यावर संगणक मागे कसा राहील? १९८१ साली ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन खेळ आले आणि त्यांनी पुढचा रस्ता आखून दिला.

‘विझर्ड्री’त सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचे. भुयाराचे दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे चौकोन. खेळात नकाशा नाही. तो खेळणाऱ्याने आलेखाच्या कागदावर स्वतः काढायचा. एखादा गडी मेला, तर त्याला देवळात नेऊन पैसे भरून उठवायचे. तोही प्रयत्न फसू शके. आधी गड्याची राख होई आणि पुन्हा फसला तर तो कायमचा जाई. कित्येक दिवसांची मेहनत एका क्षणात पाण्यात.

हा अवघडपणा कुठून आला? काही जाणूनबुजून होता, पण बराचसा यंत्राच्या गरिबीतून आलेला होता. त्या काळच्या ‘ॲपल टू’ संगणकाची स्मृती ४८ किलोबाइट. आज फोनवरचे एक साधे छायाचित्रही तेवढ्यात मावणार नाही. तिथे नकाशा आणि सूचना ठेवणार कुठे? म्हणून खेळाचा काही भाग खेळणाऱ्याच्या डोक्यात आणि वहीत ठेवला गेला.

पुढे यंत्रे श्रीमंत झाली. एकाच मालिकेतले तीन खेळ पाहिले की बदल स्पष्ट दिसतो. ‘मोरोविंड’ २००२चा, ‘ऑब्लिव्हियन’ २००६चा, ‘स्कायरिम’ २०११चा. पहिल्यात शिकायची कौशल्ये २७ होती, दुसऱ्यात २१ झाली, तिसऱ्यात १८ उरली. बळ, बुद्धी वगैरे गुणांचे आकडे तिसऱ्यात गेलेच. मात्र जे गेले ते सगळे सोने नव्हते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये उडी मारणे हे एक कौशल्य होते. ते वाढावे म्हणून लोक सगळ्या मुलखात बेडकासारखे उड्या मारीत फिरायचे. ते गेले म्हणून रडायचे कारण नाही.

माझ्या मते खरा बदल वाट सांगण्याच्या पद्धतीत झाला. ‘मोरोविंड’मध्ये एखादी गुहा शोधायची, तर गावातला माणूस तोंडी खुणा सांगतो. या दिशेने निघा, अमुक ठिकाणी वळा, तमुक खूण दिसली की थांबा. आमच्या वरोरला कसे यायचे, हेही लोक असेच सांगतात. वाणगावला गाडीतून उतरा, चिंचणीला या, तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला चला. अशी वाट शोधायची तर ऐकावे लागते, आजूबाजूला पाहावे लागते, चुकले तर परत फिरावे लागते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पडद्यावर होकायंत्राची पट्टी आली आणि तिच्यावर मुक्कामाची खूण. खूण समोर ठेवायची आणि चालू लागायचे.

कारण केवळ आळशीपणाचे नव्हते. ‘मोरोविंड’मधली संभाषणे बहुतेक छापील होती, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ती नटांच्या आवाजात आली. छापील परिच्छेद वाढवायला खर्च येत नाही. बोललेल्या प्रत्येक वाक्याला नट लागतो, स्टुडिओ लागतो, पैसा लागतो. साहजिकच बोलणे आखूड झाले. एकदा खूण आली की गावकऱ्याने वाट सांगायचे कारणच उरले नाही. अशा ठिकाणी खेळणाऱ्याने खूण बंद केली तरी उपयोग नाही, कारण वाट विचारायची कुणाला?

मग आताचे सगळे खेळ सोपे का? तसे नाही. २०१९च्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये तलवारबाजी नाही. स्मृती गमावलेल्या पोलिसाच्या डोक्यात चोवीस कौशल्ये चोवीस स्वरांत बोलतात, आणि कुणाचे ऐकायचे ते आपण ठरवायचे. २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मुख्य वाटेचा अंदाज देणारे सोनेरी किरण सोडले, तर कामांची यादीसुद्धा मिळत नाही. २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’ तर खेळणाऱ्याच्या निवडींप्रमाणे इतक्या फांद्या फोडतो, की दोघांची कथा सहसा सारखी होत नाही.

उलट जुन्यातले उत्तम ते नकाशाच्या कटकटीमुळे उत्तम नव्हते. १९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये मारायला खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता असे आठ गुण अंगी आणून ‘अवतार’ व्हायचे. होय, आपलाच शब्द! त्यात औषधी विकणारी बाई आंधळी आहे. किती पैसे ठेवले ते तिला दिसत नाही. कमी ठेवले तरी ती काही बोलत नाही, पण खेळ मनात नोंद ठेवतो आणि प्रामाणिकपणा घटतो. ही परीक्षा सोपी की अवघड?

म्हणून ‘सोपे की अवघड’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. यंत्राने आपले कोणते काम उचलले आणि कोणते आपल्याकडे ठेवले, हे विचारावे. आमच्याकडचे जुने तांडेल देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की समुद्रातली आपली जागा ओळखायचे. आता होडीवर जीपीएस असते. त्याने धुक्यात जीव वाचतो, डिझेल वाचते, ते वाईट म्हणण्यात अर्थ नाही. पण पाण्याचा रंग, वारा, उधाण आणि भांग ओळखणे तरुणाने सोडले, तर यंत्र बंद पडेल त्या दिवशी किनारा शोधणार कोण?

खेळातल्या बाणालाही अशीच दुसरी बाजू आहे. हे मोठे खेळ इंग्रजीत असतात, मराठीत नसतात. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘मोरोविंड’च्या परिच्छेदांचा डोंगर चढवत नाही. बाणाने त्याच्यासाठी दार उघडले. एरवी तो उंबऱ्यावरूनच परतला असता. मात्र त्याच बाणामागे धावत, एकही वाक्य न वाचता, तो खेळ संपवूही शकतो.

घरात असा खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ‘किती वेळ खेळलास?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून पाहा. ‘त्या गावाला का गेलास?’ ‘बाण तिकडे होता,’ असे उत्तर आले, तर एक दिवस शेजारी बसा, समोरचे इंग्रजी वाक्य दोघे मिळून मराठीत लावा आणि पुढे कुठे जायचे ते त्यालाच ठरवू द्या. आणि ‘त्या म्हाताऱ्याला शब्द दिला होता,’ असे उत्तर आले, तर खेळ नवा असो की जुना, त्याला आणखी थोडा वेळ खेळू द्यायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)