लेकीच्या कॉलेजची पावती

जून-जुलै आला की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते, कारण पोरींचे कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. फी भरली की पावती मिळते आणि ती आपण पेटीत जपून ठेवतो. आज ती बाहेर काढा आणि लेकीकडून वाचून घ्या. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना यांच्या खाली बऱ्याच ठिकाणी आणखी दोन लहान रकमा असतात. एक नियतकालिकाची, दुसरी विद्यार्थी कामांची. त्यातून लेकीला बोलायला जागा मिळते, आणि तिचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.

नियतकालिक म्हणजे कॉलेजचा वार्षिक अंक. विद्यार्थ्यांनी लिहायचं, त्यांच्यातल्याच काहींनी संपादक मंडळात बसायचं आणि प्राध्यापकांनी मदत करायची, अशी ही रीत. शिवाजी विद्यापीठासारखी विद्यापीठं या अंकांच्या स्पर्धाही घेतात. काही अंकांत पहिली वीस पानं पदाधिकाऱ्यांच्या फोटोंनीच भरलेली असतात, ते आम्हाला पटत नाही. पण पुढची पानं पोरांचीच.

अडचण अशी की आपल्या पोरी म्हणतात, "आम्हाला कुठं लिहायला येतं?" मग पुस्तकातून उतरवलेला निबंध देतात. खरं तर पहाटेची एसटी चुकली की काय होतं, आई ऊसतोडीला गेल्यावर घर कोण सांभाळतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? तेच लिहावं. छापील अंक निघत नसेल तर भित्तिपत्रक असतं, म्हणजे हातानं लिहून भिंतीवर लावायचा अंक. त्याला खर्च जवळजवळ नाहीच. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानंच लिहून काढत. ती शाळा होती, पण कॉलेजातही हे जमतं.

आता दुसरी रक्कम. ती विद्यार्थी परिषदेशी जोडलेली आहे. पूर्वी कॉलेजात 'जीएस'ची निवडणूक व्हायची. तिच्यात पैसा शिरला, हाणामाऱ्या झाल्या. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुका बंद झाल्या आणि जास्त गुण मिळवणारा मुलगा किंवा मुलगी वर्ग प्रतिनिधी होऊ लागली. भांडणं थांबली, पण मत देणंही थांबलं.

२०१६ च्या नव्या कायद्यानं निवडणूक परत आणली. त्यात अध्यक्ष आणि सचिवाबरोबर एक जागा मुलींच्या प्रतिनिधीची आहे. एक जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी आळीपाळीनं आहे. खर्चाचं म्हणाल, तर लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींप्रमाणे उमेदवाराला ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, छापील पोस्टर चालत नाहीत आणि ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे गरिबाची पोरही उभी राहू शकते. पण २०१९ मध्ये तयारी होऊनही निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे तिच्या कॉलेजात परिषद आहे का, असली तर कशी नेमली, हे लेकीनं ऑफिसात विचारावं.

याचा उपयोग काय, असं काही जणी विचारतील. एकच उदाहरण देतो. कॉलेजात मुलीला कुणी त्रास दिला, तर अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका असते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थीही बसतात, आणि ते निवडून आलेले असावे लागतात. वर्गात कधी मतच घेतलं नसेल तर हे तिघं कुठून येणार? आपली पोर प्राध्यापकांसमोर जे बोलायला कचरते, ते ती बरोबरीच्या मैत्रिणीला सांगते. म्हणून या समितीतली नावं सूचना फलकावर लावली आहेत का, तेही तिनं बघून यावं.

आणि गेल्या वर्षीचा अंक ग्रंथालयात असतो. तो मागून घरी आणायला सांगा. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की त्यातली दोन पानं मोठ्यानं वाचून घेऊ.